ब्रशानं लावलेलं कुंकू

मार्गशीर्ष वद्य तृतीया, मलकापूरचा बाजाराचा दिवस. सकाळपासून मी जुन्या काचा खरवडत बसले होते. फोटो छापून गिऱ्हाइकाच्या हातात पडला की त्याची काच आमच्या काही कामाची राहत नाही. ती सोडा घातलेल्या कढत पाण्यात भिजवायची, वरचा पापुद्रा सुटला की लाकडी पट्टीनं ओढून काढायचा आणि स्वच्छ काच तसबिरी बांधणाऱ्याला द्यायची. काल ज्या काचेवर कोणाची मुंज होती, तिच्यामागं उद्या गणपती बसतो. त्या दिवशी मी तीस-पस्तीस काचा साफ केल्या आणि काम उरकलं म्हणून खूश झाले. त्यातली एक काच मला पुढं हवी होती, हे दुपारपर्यंत कळायचं होतं.

कॅमेरा मूळचा यांचा. हे गेले तेव्हा घरात विकण्यासारख्या दोनच वस्तू होत्या, कॅमेरा आणि म्हैस. मी म्हैस विकली. लोकांनी मला वेडी म्हटलं, पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. पुरुष फोटोवाला माजघराच्या उंबऱ्यापर्यंतच जाऊ शकतो, मी चुलीपर्यंत जाऊ शकते. देशमुखांच्या सुना, मुसलमान घरांतल्या पडद्यातल्या बायका, सगळ्या माझ्या गिऱ्हाईक झाल्या. मलकापूर स्टेशनजवळच्या गल्लीत आमची खोली होती, आणि पेटी दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, टाकून मी जिल्हाभर फिरत असे.

या धंद्यात मार फार खावा लागतो, हे कोणी सांगत नाही. चिखलीला एका बाईची मान हलू नये म्हणून मी मागून लोखंडी चिमटा लावला, तर तिला वाटलं मी गळा दाबते. तिनं मागं न बघता कोपर मारलं. माझा ओठ फुटला. तिच्या सासूनं ते पाहिलं आणि म्हणाली, "आता मले बी तसंच बसवा, पन चिमटा सुनेच्या हातात नका देऊ." राजूर घाटात दोन गाडीवान वाट कोणी द्यायची यावरून चाबकानं भांडले. पहिला फटका दुसऱ्या गाडीवानाला बसला आणि पुढचे तीन मला. सहनशील मी नाही. तिसऱ्या फटक्याला मी कॅमेऱ्याची तिवई उचलली आणि दोघांनाही वाट मोकळी करायला लावली.

तर कापडवाले हाजीसाहेब. बाजारपेठेत त्यांचं मोठं दुकान. मुंबईकडच्या एका पेढीत त्यांनी बायांचे रंगीत फोटो टांगलेले पाहिले होते, नवी फॅशन म्हणून. दसऱ्याच्या सुमारास त्यांनी मला बोलावलं.

"बाई, अपने को बी वैसेच फोटू होना. औरत लुगडा पहनके खडी है, काठ साफ दिखना, पदर साफ दिखना."

"आणि तोंड?"

"तोंड थोडा छोटा रखो. तोंड मेरेको बेचना नहीं."

लुगडी त्यांनी दिली, बाया मी शोधायच्या होत्या. इथंच अडलं. जिला विचारावं तिचा नवरा नाही म्हणे. एकीचा नवरा हो म्हणाला, पण फोटोत लुगड्याशेजारी मीही उभा राहणार म्हणाला. एकीच्या नवऱ्यानं तिला फक्त विचारायला आली एवढ्यावरून मारलं. शेवटी मी ठरवलं की जिला विचारणारं कोणी नाही अशी बाई बघावी.

ती मला कापसाच्या जिनावर दिसली. नळगंगेकाठच्या एका गावची, कोसभर चालत कामाला येई. डोक्यावर सरकीचं ओझं आणि पाठ अशी सरळ की ओळंबा लावून घ्यावा. तिशीच्या आतली. नवरा तीन वर्षांपूर्वी गेलेला, आठ वर्षांची एक मुलगी, तीन एकर वावर. वावर तीच करी, आणि जिनाचा हंगाम असला की इथंही येई. मी विचारलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "लुगडं वापस द्या लागते का?"

"नाही. तुझंच."

"मंग काढा."

ती अशी उभी राहिली की मला चिमटा लागलाच नाही. काळ्या काठाचं हिरवं लुगडं. हात मोकळे दिसत होते म्हणून मी माझ्या पेटीतल्या हिरव्या बांगड्या घालायला दिल्या. तिनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि घातल्या. फोटो उत्तम आला. पुढं तो रंगवायला घेतला, लुगड्याला आणि बांगड्यांना हिरवा, काठाला काळा, ओठांना जरासा लाल. सगळं झालं तरी कपाळाची जागा रिकामी दिसत होती. म्हणून मी बारीक ब्रश लाल रंगात बुडवला आणि टेकवला.

ती विधवा आहे हे मला ठाऊक होतं. मी स्वतःही विधवाच. पण दुकानात टांगलेल्या फोटोतली बाई ही बाई नसते, लुगडं असतं, असा माझा हिशेब होता. आमच्याकडं कुणबी-माळ्यांत विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न. त्यात थाटमाट काही नसतो. नवं लुगडं, हिरव्या बांगड्या, कपाळाला कुंकू, झालं. आणि पाट लावला की पहिल्या नवऱ्याचं घर सुटतं, वावर सुटतं आणि मूलही त्याच घराकडं राहतं. हे सगळं मला माहीत होतं. ब्रश हातात असताना आठवलं नाही इतकंच.

बाजाराच्या दिवशी तिचा दीर कापूस विकून हाजीसाहेबांच्या दुकानात शिरला. सोबत गावचे दोघं. समोर भिंतीवर त्याची भावजय, नव्या लुगड्यात, हिरव्या बांगड्यांत, कुंकू लावून.

तो म्हणे फोटोखाली जाऊन उभा राहिला. मग विचारलं, "हे कोन व्हय?"

हाजीसाहेब गिऱ्हाइकात होते. "बारा हात का है, रंग पक्का," ते म्हणाले.

"मी लुगडं नाई इचारलं. हे बाई कोनाच्या घरची हाय आता?"

"जिसने लुगडा लिया उसके घर की," हाजीसाहेब हसून म्हणाले. ते लुगड्याबद्दलच बोलत होते, पण दिरानं गादीवर उडी घेतली. फोटो ओढताना खिळा निघाला, खिळ्यासोबत फळी निघाली आणि फळीवरचे तागे हाजीसाहेबांच्या डोक्यावर आले. हाजीसाहेब साठीचे, पण हातात कापड मोजायचा लोखंडी गज. तो त्यांनी पहिल्याच्या कानशिलात घातला. दुसऱ्यानं त्यांना दाढीला धरून ओट्यावरून खाली आणलं. कापडाची कात्री कोणाच्या तरी मांडीत घुसली. पांढऱ्या मांजरपाटाचा आख्खा तागा रक्तानं भरला. नंतर पुष्कळ दिवस हाजीसाहेबांना त्या मारामारीत फक्त त्या ताग्याचंच दुःख होतं.

तिथून दीर फोटो घेऊन माझ्याकडं आला. मी शेवटच्या काचा पुसत होते. दोघं दारात उभे राहिले, हा आत.

"हे तुमीनं काढला?"

"हो. हाजीसाहेबांच्या लुगड्यासाठी."

"कोनासंगं लावला तिनं पाट? नाव सांगा."

"कोणाशीच नाही. बांगड्या माझ्या आहेत. कुंकू मी रंगवलंय."

"फोटू खोटं बोलते का बाई? आमाले येडं समजता?"

"थांब," मी म्हटलं, "मूळ काच दाखवते. तिच्यावर कपाळ कोरं आहे."

मी कपाट उघडलं. दसऱ्याच्या काचांचा खण रिकामा होता. त्या सगळ्या माझ्यामागं भिंतीला टेकून वाळत होत्या, लख्ख, आरपार दिसणाऱ्या. मी वळले तेव्हा माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे, पण तो समजला की मी सापडले.

"दाखवा ना काच," तो म्हणाला आणि काठी फिरवली. पहिल्या फटक्यात वाळत घातलेल्या काचा गेल्या. दुसऱ्यात खांब आणि हंस रंगवलेला पडदा फाटला. तिसरा माझ्या डाव्या खांद्यावर बसला. उजव्या हाताशी फोटो धुवायच्या औषधाची बशी होती. या औषधानं कातडी आठवडाभर काळी राहते, माझी बोटं कायम तशीच असतात. मी ती बशी त्याच्या तोंडावर रिकामी केली. तो आंधळा झालो म्हणून ओरडत बाहेर धावला. आंधळा काही झाला नव्हता, कारण फोटो त्यानं हातातून सोडला नाही आणि नाली बरोबर ओलांडली.

कॅमेऱ्याच्या पेटीला काही झालं नव्हतं. तिवईचा एक पाय मोडला होता. मी खांद्याला फडकं बांधलं, पेटी उचलली आणि हाजीसाहेबांकडं गेले. ते डोक्याला पट्टी बांधून घेत होते.

"दमणी जोडा," मी म्हटलं. "तो गावाला गेला. तिला मारेल."

"मेरेको मारा वो क्या कम है?" म्हणाले, पण जोडली, आणि गज घेऊन स्वतः बसले.

आम्हाला उशीर झाला होता. ती अंगणात बसली होती, तोंडाला पदर लावून. पदर रक्तानं जड झालेला. पुढचे दोन दात गेले होते. डावा हात मनगटाच्या वर वाकडा झाला होता, तिथं उखळाचं मुसळ बसलं होतं. मुलीला दिरानं आपल्या खोलीत कोंडून बाहेरून कुलूप घातलं होतं. आतून तिचं ओरडणं येत होतं आणि दीर ओट्यावर बसून अर्धं काळं तोंड पुसत होता. पुसलं की ते जास्तच पसरे.

ती मला पाहून रडली नाही. म्हणाली, "कुकू काऊन लावलं?"

"कपाळ रिकामं दिसत होतं."

"तुमचं बी रिकामंच हाय. तुमी काऊन नाई लावत?"



पाटील आले. जाडे, डोळे कायम झोपेत असल्यासारखे. दिरानं त्यांना फोटो दाखवला. "पाटील, हे पाहा. तिनं पाट लावला. लेकरू आमचं, वावर आमचं." पाटलांनी फोटो उलटा-सुलटा करून पाहिला आणि उद्या दुपारी मारुतीपुढं पंच बसतील असं सांगितलं. तोवर पोरगी कुलपातच राहील. म्हणजे माझ्या हातात एक दिवस होता आणि काच नव्हती.

मी म्हटलं, "पाटील, एवढी मोठी बैठक होणार, तर आत्ताच सगळ्यांचा एक फोटो काढते. पंचांचा आणि दोन्ही बाजूंचा. उजेड आहे तोवर."

फोटो म्हटलं की माणूस मारामारी मध्येच सोडून केस सारखे करतो, हे मी वीस वेळा पाहिलं होतं. पंच फेटे बांधून आले. दिराला मी मधोमध उभं केलं.

"फोटू हातात धरू का?" त्यानं विचारलं.

"धर की. तोच तर पुरावा."

त्यानं छाती काढली, मिशीला पीळ दिला. तिवई मोडकी होती म्हणून मी कॅमेरा दमणीच्या जुवावर टेकवला आणि हाजीसाहेबांना बैल धरायला सांगितलं. "बैल हलला तर मी एकेका पंचाला दोन-दोन तोंडं देईन," मी म्हटलं.

"दे," हाजीसाहेब म्हणाले, "एकेक को एक कम है."

रात्री खोलीवर परतून काच धुतली, सकाळी उन्हात कागद ठेवून फोटो छापला. पंचांना मी हात लावला नाही. फक्त दिराला रंगवलं. धोतरावर हिरवं लुगडं चढवलं, काळ्या काठाचं, तेच. डोक्यावरून पदर घेतला. दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या. नाकात नथ, आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मिशी होती तशीच ठेवली. खांदा इतका ठणकत होता की नथीचा एक मोती गालावर गेला.

दुपारी मारुतीपुढं गाव जमलं. दिरानं भावजयीचा फोटो पंचांपुढं ठेवला आणि म्हणाला, "यात सगळं हाय. मले बोलाची गरज नाई."

पाटलांनी मला विचारलं, "बाई, तुमचं काय म्हननं हाय?"

"माझंही काही नाही. माझाही एक फोटो आहे."

पाटलांनी तो घेतला. डोळे पहिल्यांदाच पूर्ण उघडले. त्यांनी तो शेजारच्या पंचाला दिला. त्यानं पाहिला, दिराकडं पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि तोंडावर उपरणं धरलं. मग तो फोटो हातोहात बायांकडं गेला.

पाटील दिराला म्हणाले, "काऊन बे, तू कोनाच्या घरी गेला पाटाचा? आमाले जेवन बी नाई देलं."

"हे खोटं हाय. मी असं लुगडं कवा नेसलो?"

"फोटू खोटं बोलते का?" मागून एक म्हातारी म्हणाली. "नथ शोभून राह्यली बाप्पा तुले."

त्यानं काठी उचलली. माझ्याकडं येताना मध्ये एक पंच आला, त्याच्या डोक्यात बसली. पंचाचे दोन मुलगे उठले. दिराच्या बाजूचे चौघं उठले. मग कोणाच्या बाजूनं कोण हे राहिलंच नाही, बांधाची, पाण्याची, पोळ्याच्या मानाची सगळी जुनी भांडणं मारुतीपुढच्या पारावर निघाली. एकाचा कान अर्धा तुटला. पाटलांच्या पोटात कोणी गुडघा घातला. मी कॅमेऱ्याच्या पेटीवर पालथी पडले आणि तुटक्या तिवईचा पाय जो जवळ येईल त्याच्या नडगीवर हाणत राहिले. हाजीसाहेब दमणीत उभे राहून गज फिरवत होते आणि ओरडत होते, "कायको मारते रे, लुगडे का फोटू है." दिराला शेवटी त्या जखमी पंचाच्या मुलांनी आडवा केला. तो उठला तेव्हा त्याच्याही तोंडात दोन दात कमी होते.

पाटील धापा टाकत बसले. फोटो दोन्ही आणवले आणि शेजारी शेजारी ठेवले. "पाट नाई लागला," ते म्हणाले. "वावर तिचं, पोरगी तिची. याचा पाट लागला असन तर याच्या बायकोले इचारा." कुलूप उघडायला किल्ली कोणी देईना, तेव्हा त्यांनी मुसळ मागवलं, तेच, आणि कडी तोडली. पोरगी बाहेर आली ती सरळ चुलत्याकडं गेली आणि त्याच्या हाताला कडकडून चावली. मग आईकडं गेली.

जाताना मी तिला म्हटलं, "जिंकलीस."

"हाव," ती म्हणाली. दात नसल्यानं शब्द फुसफुसत होते. "तुमीनं जितवलं. तुमच्या बोटभर रंगानं दोन दात गेले अन् हात मोडला, ते बी तुमीनंच. वावरात कापूस फुटून उभा हाय. बोंडं लोंबून राह्यली. आता वेचाले कोन येते? गावातलं कोनी दिरापायी पाऊल टाकत नाई. दोन दिसांत तो ढोरं सोडते त्याच्यात."

मी लुगड्याचं, औषधाच्या खर्चाचं काहीतरी म्हणू लागले. तिनं चांगला हात हलवून मला थांबवलं. "ते राहू द्या. कापूस सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीला कुलूप लावलं, कोसभर चालले आणि कमरेला ओटी बांधून तिच्या पऱ्हाटीत उतरले. आयुष्यात मी कापूस वेचला नव्हता. वाळक्या बोंडांच्या टोकांनी पहिल्या ओळीतच बोटं रक्ताळली, आणि डावा खांदा वर होत नव्हता म्हणून मी एका हातानं वेचत होते. ती बांधावर बसून होती, हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला, मांडीवर दगडांचा ढीग. दीर बांधापलीकडं आला, आपले दोन बैल घेऊन, तोंड अजून अर्धं काळं. तिनं उजव्या हातानं पहिला दगड भिरकावला. तो बैलाला लागला, दुसरा त्याला. तो गेला.

मग ती माझ्याकडं वळून म्हणाली, "बाई, पाला नका घेऊ कापसात. जिनावाले वापस करतात." मी ओटी खाली केली, पाला निवडला आणि दुसरी ओळ धरली.